बायकोच्या दवाखान्यातला सर्व्हर

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना नद्या, वारे आणि पठारं शिकवली, त्याचा आणि डेटाबेस सर्व्हरचा संबंध काय? काडीचा तरी आहे का? पण मी भूगोलाचा शिक्षक, बायको जनावरांची डॉक्टर, आणि आमच्या घरात असा एक समज आहे की ज्याला सुट्टी असते त्याला सगळं येतं. शाळेला सुट्टी लागली, मी जरा पाय पसरून पेपर उघडला, तर ही म्हणाली, "अरे, दवाखान्यात नवीन सॉफ्टवेअर बसवायचंय, त्याआधी कसलासा सर्व्हर लागतो म्हणे, तेवढा टाकून दे ना." टाकून दे. जसं काही कुंडीत बी टाकायचंय.

मी म्हटलं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणते, "मग मागे प्रिंटर कुणी चालू केला होता?" तुम्हाला सांगतो, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला होता. तोही फाटला होता. पण तेव्हापासून दवाखान्यात ज्या ज्या वस्तूला वायर आहे, ती माझी.

बरं, सॉफ्टवेअर विकणाऱ्याला फोन लावला. आवाज असा गोड, की वाटावं सकाळी उठून मधाच्या गुळण्या करतो. "सर, काहीच नाही हो सर. जनावरांची सगळी माहिती एका जागी ठेवायची ना, त्याला कोठार लागतं. ते कोठार म्हणजे डेटाबेस. आणि कोठार सांभाळणारा तो सर्व्हर. तो आधी बसवायचा, मग आमचं सॉफ्टवेअर त्याच्याकडे मागणार, तो देणार. नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं, सर."

नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट करत जायचं. हे वाक्य जो माणूस बोलतो ना, त्याला स्वतःला कधी काही करायचं नसतं, हे लक्षात ठेवा.

आता तो सर्व्हर ठेवायचा कुठे? दवाखान्याच्या तीन खोल्या. पुढे बाकडी आणि काउंटर, मध्ये तपासणीचं टेबल, आणि मागे ती खोली, जिथे औषधांचा फ्रीज आहे आणि ऑपरेशन झालेली जनावरं पिंजऱ्यात झोपतात. ही म्हणाली, मागची खोली थंड असते, मशीन तापणार नाही, तिथेच ठेव. म्हणजे मीही तिथेच. एका स्टुलावर मी, समोर मशीन, उजव्या हाताला पिंजरे, आणि पिंजऱ्यांतून माझ्याकडे रोखून बघणारे पेशंट. मी आपले पाय स्टुलाच्या दांडीवर वर घेऊन बसलो. काउंटरवाल्या काकू म्हणाल्या, "सर, पाय अवघडतील." मी म्हटलं, सवय आहे, जमिनीला पाय लागले की मला सुचत नाही.

केलं हो नेक्स्ट-नेक्स्ट. खोटं कशाला बोलू, सर्व्हर बसला. मलाच माझं कौतुक वाटलं. मग त्या कंपनीचा मदतनीस लांबून आमच्या मशीनमध्ये शिरला, पडद्यावर बाण आपोआप फिरायला लागला, आणि जुन्या कम्प्यूटरमधली सगळी जनावरं त्याने एकेक करून नव्या कोठारात आणून सोडली. इकडे शेवटचं जनावर आत गेलं आणि तिकडे जुन्या कम्प्यूटरने एक उसासा टाकला, आणि जो बंद पडला तो पडलाच. काकूंनी थापट्या मारल्या, वायर काढून लावली, फुंकर घातली. नाही म्हणजे नाही. म्हणजे आता गावातल्या यच्चयावत कुत्र्यामांजरांचा इतिहास एकाच जागी, मी बसवलेल्या सर्व्हरमध्ये. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

मदतनीस म्हणाला, "सर, मी आता बाहेर पडतो, तुम्ही आतून कडी लावून घ्या. म्हणजे सर्व्हर सुरक्षित करून घ्या. उद्या सकाळी मला एक वेगळं खातं उघडून द्या, मी सॉफ्टवेअर जोडून देतो. सुरक्षित करायचं म्हणजे काही नाही, तो प्रश्न विचारतो, आपण नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट..." मी फोन ठेवला.

आणि काय प्रश्न विचारतो हो तो. पहिलाच प्रश्न: निनावी वापरकर्ते काढून टाकू का? मी चाट. अरे, दुपारी तर तुला बसवला, अजून मी धड आत पाऊल टाकलं नाही, आणि हा निनावी आधीच आत येऊन बसलाय? कोण हा? कुणी बोलावला? काढ म्हटलं, आधी त्याला काढ. मग विचारतो, सरावासाठी ठेवलेला डेटाबेस काढू का? काढ बाबा, सराव कुणाला करायचाय. मग म्हणे, रूटला बाहेरून यायला बंदी घालू का? आता रूट म्हणजे झाडाचं मूळ नव्हे, रूट म्हणजे त्या सर्व्हरचा सर्वेसर्वा, तो म्हणेल ती पूर्व दिशा. मी म्हटलं, एवढा मोठा माणूस बाहेर कशाला भटकतोय? घाल बंदी. जे काही करायचं ते याच मशीनवर बसून करेल. आणि शेवटी म्हणे, रूटचा पासवर्ड ठरवा.

इथे मी एक चूक केली. मेहुण्याला फोन केला.

माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ, एका मोठ्या कंपनीत सुरक्षेचं बघतो. दारावरचा पहारा नव्हे, कम्प्यूटरमधला. म्हणजे दिवसभर बसून लोकांना कुठे कुठे जाऊ द्यायचं नाही ते ठरवतो. घरी आला तरी आधी आमच्या वाय-फायचा पासवर्ड तपासतो, मग ताईची चौकशी करतो. त्याला सांगितलं तर असा गंभीर झाला, की मला वाटलं माझाच रिपोर्ट वाचतोय. "दाजी, सर्व्हर उघडा आहे आत्ता? आत्ता, या क्षणाला? दाजी, जगात लोक टपून बसलेत." मी म्हटलं, मांजराच्या जंताच्या औषधावर? "दाजी, त्यांना मांजराशी देणंघेणं नसतं. त्यांना दार उघडं दिसलं की पुरे."

मग त्याने माझ्याकडून काय काय करून घेतलं म्हणता. फायरवॉल घालायला लावली, म्हणजे भिंत. त्या भिंतीला एकच खिडकी, आणि त्या खिडकीतून फक्त काउंटरवरच्या नव्या कम्प्यूटरने डोकवायचं. तीनदा पासवर्ड चुकला की दार बंद, आणि तासभर उघडायचं नाही. मी म्हटलं, तासभर? म्हणाला, "दाजी, चोराचा कंटाळा हीच आपली सुरक्षा." आणि मग पासवर्ड. मी आपला साधा टाकला, माझ्या शाळेचं नाव. नाही. बरं, शाळेचं नाव आणि पुढे आकडे. नाही. "दाजी, शब्द नको, वाक्य टाका. मोठं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. जगात तुमच्याशिवाय कुणालाही माहीत नाही असं काहीतरी. आणि कुठेही लिहून ठेवायचं नाही, कुणालाही सांगायचं नाही. ताईलासुद्धा."

आता मला सांगा, लग्न झालेल्या माणसाकडे असं किती शिल्लक असतं? मी विचार करत बसलो. उजवीकडच्या पिंजऱ्यातला एक काळा कुत्रा उठला, आळस दिला, माझ्याकडे बघून नुसतं 'हुं' केलं. आणि मला वाक्य सुचलं. टाकलं. मशीन खूश झालं, हिरवी पट्टी पार टोकापर्यंत गेली. मेहुणा म्हणाला, "वा दाजी. आता तुमचा सर्व्हर कुणाचा बापही उघडू शकत नाही."

हे त्याचं बोलणं मात्र शब्दशः खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छान चहाबिहा घेऊन स्टुलावर बसलो, मदतनीस फोनवर, "सर, रूटने आत जा, मला खातं उघडून द्या, मग नुसतं नेक्स्ट-नेक्स्ट," आणि मी वाक्य टाईप केलं. चूक. म्हटलं, बोट चुकलं असेल. तेवढ्यात पुढच्या खोलीत दार धाडकन उघडलं आणि कुणीतरी ओरडलं, "डॉक्टरबाई, लवकर या."

बसचा ड्रायव्हर होता. चांगला दणकट, भरघोस मिशांचा, आणि दोन्ही हातांवर आडवा घेतलेला त्याचा कुत्रा. कुत्रा कसला, अस्वल. त्याला सगळे डोंगर म्हणतात. मी भूगोल शिकवतो, डोंगरांशी माझं वैर नाही, पण डोंगर एका जागी उभे असतात ही त्यांची जमेची बाजू आहे. हा एरवी धावतो. त्या दिवशी मात्र तो धावत नव्हता, मान टाकून पडला होता, आणि त्याच्यापेक्षा ड्रायव्हरचा चेहरा पाहवत नव्हता. मुलीचा रबरी चेंडू गिळला म्हणाला. रात्रीपासून काही पोटात ठरत नाही. हिने हात लावला, पोटाचा एक्स-रे काढला, म्हणाली, "आतडं अडलंय. थांबता येणार नाही, पोट उघडावं लागेल."

आणि मग ती थांबली. ड्रायव्हर म्हणत होता, "बाई, मागच्या खेपेला याला भुलीचं इंजेक्शन बाधलं होतं. श्वासच थांबला होता. तुम्ही नव्हता तेव्हा, तुमच्या बदलीवरचे डॉक्टर होते." "कुठलं इंजेक्शन, आठवतंय?" "मला काय कळतंय बाई त्यातलं. त्यांनी कम्प्यूटरवर लिहिलं होतं एवढं आठवतंय." हिने त्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते विमानात. मग ती मागच्या खोलीच्या दारात आली आणि मला म्हणाली, "डोंगरची नोंद काढ."

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांच्या नोकरीत मला शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसमोर एवढा घाम फुटला नव्हता. मी पुन्हा वाक्य टाईप केलं. हळू, एकेक अक्षर. चूक. आता एकच संधी राहिली, आणि तीही गेली तर तासभर दार बंद, आणि मेहुण्याचा चोर कंटाळेल की नाही माहीत नाही, पण तो कुत्रा तासभर थांबणार नव्हता हे मलाही दिसत होतं.

कारण त्याला आणून त्यांनी माझ्याच स्टुलाखाली झोपवला होता. टेबल धुवून तयार करायचं होतं ना. माझे पाय दांडीवर, दांडीखाली डोंगर.

एका कानाला मदतनीस, "सर, पासवर्ड मोडता येतो, पण सर्व्हर थांबवून, दुपार होईल." दुसऱ्या कानाला, काकूंच्या फोनवरून लावलेला मेहुणा, "दाजी, शांत व्हा, वाक्य आठवा." अरे, वाक्य आठवतंय. वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. घोळ वाक्यात नाही, स्पेलिंगमध्ये आहे. मराठी वाक्य इंग्रजी अक्षरांत लिहिताना मी काल कसं लिहिलं ते आज कुणाला ठाऊक? ऱ्हस्वाला काय घातलं, दीर्घाला काय घातलं? आपल्याला शाळेत हे कुणी शिकवलंय का?

काकू म्हणाल्या, "सर, मला सांगा, मी टाकते, माझा हात बसलाय." फोनमधून मेहुणा ओरडला, "दाजी, कुणालाही सांगायचा नाही." तर हिने माझ्या हातातून फोन घेतला, भावाला म्हणाली, "तू गप्प बस," आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग."

दारात कोण कोण उभं होतं म्हणता? ड्रायव्हर. काकू. मांजर कडेवर घेतलेल्या एक आजी. सशाची टोपली घेऊन आलेला कोपऱ्यावरचा शिंपी. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. खाली डोंगर कण्हत होता. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मला कुत्र्यांची भीती वाटते."

मग शिंपी सहानुभूतीने म्हणाला, "हो का? मग जरा इकडे सरकून बसा ना, पण पासवर्ड सांगा आधी."

"हाच पासवर्ड आहे."

काय सांगू तुम्हाला... पंधरा वर्षं झाली लग्नाला. ही पहिल्यांदा मला भेटली ती हातात कुत्र्याची साखळी धरून, आणि मी त्या कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालो होतो, किती गोड आहे. त्या एका वाक्यावर संसार उभा राहिला, आणि या दुसऱ्या वाक्यावर आता काय होतंय ते बघत मी मान खाली घालून बसलो. मान खाली घातली तर खाली डोंगर.

पण कुणाला वेळ होता हो माझ्या भीतीला. सगळे स्पेलिंगवर तुटून पडले. काकू म्हणाल्या, "भीतीला डबल ई, दीर्घ आहे ती." आजी म्हणाल्या, "माझा नातू सगळीकडे एकच आय घालतो." शिंपी म्हणाला, "वाटतेला व्ही. माझ्या दुकानाच्या पाटीवर व्हीच आहे." काकू म्हणाल्या, "छे, डब्ल्यू. आणि वाटतेमध्ये ए किती? दोन की तीन?" "कुत्र्यांच्या त्रला काय घातलं, सर?" ड्रायव्हर बिचारा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होता. तो म्हणाला, "काहीही घाला हो, पण बरोबर घाला." मांजरसुद्धा ओरडायचं थांबलं होतं.

आणि मला प्रत्येकाचंच पटत होतं. हाच माझा स्वभाव आहे, काय करणार.

तेवढ्यात ही पुढे आली. हातमोजे काढले, मला म्हणाली, "उठ." मी डोंगराला वळसा घालून उठलो. ती बसली. डोळे मिटले आणि स्वतःशीच पुटपुटायला लागली. "हा घाईत असला की एच खातो. आजवर मला 'भाजी आणतो' असा मेसेज कधी आला नाही, कायम 'बाजी आणतो' येतो. म्हणजे भीतीचीही बीती. आय दोन्हीकडे एकच, दीर्घबिर्घ याला माहीत नाही. 'वाट बघतोय' लिहितो तेव्हा डब्ल्यू घालतो. शेवटी मात्र कधी काही गाळत नाही, 'येतो' असो की 'जातो', शेपूट पूर्ण लिहितो." आणि टकटक टकटक करत तिने ते वाक्य, माझं गुपित, माझ्या चुकांसकट टाईप केलं आणि बटण दाबलं.

उघडलं.

मी तुम्हाला खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मदतनिसाला खातं दिलं, त्याने काउंटरच्या कम्प्यूटरवरून सॉफ्टवेअर जोडलं, तो 'नेक्स्ट-नेक्स्ट' म्हणायला लागला तर काकूंनी त्याला दम दिला, "आता एकदा जरी नेक्स्ट म्हणालास तर बघ." नोंद आली. इंजेक्शनचं नाव आलं, त्याच्यापुढे त्या डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, पुन्हा देऊ नये. हिने वाचलं, हातातली बाटली खाली ठेवली. म्हणाली, "मी हेच देणार होते." आणि दुसरं औषध काढून आत गेली.

ड्रायव्हर आणि मी बाहेर बाकड्यावर बसलो. मध्ये एकदा त्याने माझा हात धरला आणि ऑपरेशन संपेपर्यंत सोडला नाही. बस चालवणारा हात, माझी बोटं बधिर झाली. ही बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक चेंडू होता, लाल, जरा चावलेला. "शुद्धीवर येतोय," म्हणाली. ड्रायव्हरने मिशांवरून पालथा हात फिरवला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

घरी येताना मी हिला म्हटलं, "ते वाक्य... मी तुला सांगणारच होतो." तर म्हणते, "मला माहीत होतं." कधीपासून? "पहिल्या दिवसापासून. तू कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवलास तेव्हा डोळे मिटून घेतले होतेस. म्हटलं, एवढा घाबरतोय तरी हात पुढे करतोय, बघूया." म्हणजे इतकी वर्षं जगात फक्त मला माहीत असलेलं वाक्य म्हणून मी जे जपलं, ते तिला पहिल्या दिवसापासून पाठ. मेहुण्याच्या हिशेबाने माझा पासवर्ड पहिल्यापासूनच फुटलेला.

आता तर काय, अख्ख्या गल्लीलाच माहीत आहे. आजी रस्त्यात भेटल्या की मांजर पुढे करून म्हणतात, "घाबरू नका हो, मांजर आहे." शिंपी लांबूनच ओरडतो, "सर, पलीकडच्या बाजूने या, इथे एक बसलाय." आणि मेहुण्याचा रोज फोन, दाजी, पासवर्ड बदला, दाजी, पासवर्ड बदला. शेवटी ही म्हणाली, आण इकडे, मी बदलते. स्टुलावर बसली, मला खोलीबाहेर काढलं, दार लावून घेतलं, आणि दोन मिनिटांत बाहेर आली. मी विचारलं, काय ठेवलास? म्हणाली, "तसंच. माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही असं एक वाक्य."

त्याला आता आठवडा झाला. सर्व्हर छान चाललाय, डोंगर पुन्हा धावायला लागलाय, सगळं उत्तम आहे. फक्त मला जेवण जात नाही. परवा न राहवून विचारलं, "वाक्य नको सांगूस. एवढंच सांग, त्यात मी आहे का?"

ती सशाला इंजेक्शन देत होती. वर न बघताच म्हणाली, "दोनदा."